काळ्या पत्थराची गोष्ट

थोरल्या, तू वहीतली यादी वाचून दाखवलीस: निघोजचे रांजणखळगे, वेरूळचं कैलास लेणं, लोणारचं सरोवर, नळदुर्गचा पाणीमहाल. धाकटीची तक्रार वेगळीच, तंबूत रोज तिलाच कडेला झोपवलं आणि पाठीला खडे टोचले. आता होटगी आलं, गाडी अंगणात लागली, तर बसा जरा. त्या टोचणाऱ्या खड्यांचीच गोष्ट सांगतो. एवढे जिल्हे फिरलो, पण रोज रात्री आपण एकाच दगडावर पाठ टेकली होती.

माझा जन्म गेला रुळांवर. आपल्या होटगी जंक्शनात रुळांखाली जी गिट्टी असते, ती या काळ्या पत्थराचीच. पुस्तकात त्याला बसाल्ट म्हणतात. गाडी वरून गेली की भार झेलतो, पावसाचं पाणी खाली सोडतो, आणि वर्षानुवर्षं झिजायचं नाव घेत नाही.

हा पत्थर आला कुठून? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, नाहीतर त्याहून थोडं आधी, इथली जमीन फाटली. ज्वालामुखी म्हटलं की तुम्ही टोकदार डोंगर काढता आणि वर धूर दाखवता. तसं इथं नव्हतं. लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पसरत गेला. एक थर थंड झाला की दुसरा त्याच्या अंगावर. टोपलीत भाकऱ्यांची चळत रचावी तसे थर चढले. मधे हजारो वर्षं उसंत मिळाली तर वरच्या दगडाची माती झाली, झाडं उगवली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती माती भाजून गेला. घाटात डोंगर कापलेल्या जागी काळ्या थरांमधे विटकरी पट्टा दिसला होता ना? ती ही भाजलेली माती. पश्चिमेला, सह्याद्रीकडे, ही चळत दोन किलोमीटरच्या वर जाड आहे. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर, तेही याच थरांचं. आज उरलेला पसारा पाच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून मोठा. किती वाहून, झिजून गेला त्याचा हिशेब वेगळा.

डायनोसॉर त्यात जळाले का? हे विचारणार हे ठाऊकच होतं. बरेच शास्त्रज्ञ दोष देतात मेक्सिकोजवळ पडलेल्या उल्केला. काही म्हणतात, आपल्या लाव्हातून निघालेल्या वायूंनी हवा आधीच नासवली होती. भांडण अजून चालू आहे. मला विचाराल तर एकाच गुन्ह्यात दोन आरोपी असायला हरकत नाही.

निघोजला कुकडी नदीनं या दगडाचं काय केलं ते पाहिलंत. पुरात वाहत आलेला गोटा खळग्यात अडकतो, पाणी भोवरा धरतं, गोटा आत गरगरतो आणि तळ खरवडतो. गोटा झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. आत वाकून बघायला गेलात तेव्हा तुमच्या आईचा जीव टांगणीला लागला होता, पण भिंती किती गुळगुळीत होत्या! नदीनं जे गोट्यानं केलं ते वेरूळला माणसानं छिन्नीनं केलं. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, कळसापासून सुरुवात करून खाली पायापर्यंत. चुकलं तर जोडायला दुसरा दगड नाही.

लोणार मात्र आभाळाचं काम. अवकाशातून एक धोंडा आला आणि या काळ्या पत्थरावर आदळला. 1.8 किलोमीटर रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल खड्डा पडला. पुष्कळ वर्षं लोकांना वाटायचं की हे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड असेल. वाटणारच, आजूबाजूला सगळा लाव्हाच! मग 1973 साली अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी दाखवून दिलं की इथल्या दगडात प्रचंड दाबाखाली काच तयार झाली आहे, आणि तसला दाब ज्वालामुखीत येतच नाही. खड्ड्याचं वय आधी पन्नास हजार वर्षं धरायचे, पुढे नव्या मोजणीत ते पावणेसहा लाखांच्या घरात गेलं. 2020 च्या जून महिन्यात तिथलं पाणी गुलाबी झालं होतं, ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

पण जगभरातले शास्त्रज्ञ लोणारला येतात त्याचं खरं कारण खालचा दगड. पृथ्वीवर बसाल्टमधे उल्केनं पाडलेले खड्डे फार थोडे आहेत. चंद्राचा काही भाग आणि मंगळाचा मोठा भाग याच जातीच्या दगडाचा. चंद्रावर तुम्हाला जो ससा दिसतो ना, ते काळे डाग म्हणजे गोठलेला लाव्हा. तिथं न जाता तिथला खड्डा हाताळायचा तर बुलढाणा जिल्हा गाठायचा.

धाकटे, खिशातला तो पांढरा खडा दाखव. चोरून आणलास, मला माहीत आहे. लाव्हा थंड होताना आतले वायू वर येतात आणि थराच्या माथ्याला बुडबुडे अडकून राहतात. पुढे त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपतं आणि सावकाश असले खडे जमवतं. आपल्याकडं विहीर खणणाऱ्यांना हे पाठ असतं. आधी काळी माती, मग मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, आणि मग काळा पत्थर. घट्ट पत्थर लागला की सुरुंगाशिवाय गत्यंतर नाही.

आणि ती वरची काळी माती? तीही हाच पत्थर, ऊनपावसानं कुजलेला. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची ढेकळं त्या भेगांत पडतात, म्हणजे ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. रुळांखाली हीच माती म्हणजे आम्हाला ताप. पावसाळ्यात फुगायची, भराव हलायचा, की निघाली गँग पहारी घेऊन. शेतकऱ्याला मात्र ती सोनं. पाऊस संपल्यावर पेरलेली शाळू ज्वारी तिच्यात साठलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर उभी राहते. नळदुर्गहून येताना दुतर्फा दिसली ती हीच. चार दिवसांनी हुरडा खाल तेव्हा साडेसहा कोटी वर्षांचा पत्थर पोटात जाईल.

   

हा दगड संपतो कुठे, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणी विचारला नाही. वाडीकडं जाणाऱ्या गाडीत बसायचं आणि खिडकी सोडायची नाही. कलबुर्गी मागे पडता पडता चळतीची शेवटची पातळ भाकरी संपते आणि खालून फिकट, सपाट थरांचा दगड वर येतो. तुम्ही आत्ता ज्या फरशीवर बसला आहात ना, ती शहाबादची. जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक तो. लाव्हाच्या कितीतरी आधीचा. तो साचला तेव्हा त्या समुद्रात मासासुद्धा पोहत नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडं जाऊ. गाडीनं नको, पॅसेंजरनं. आणि खिडकीपाशी मी बसणार.