किवीचं पिल्लू किलोभराचं होईपर्यंत
न्यूझीलंडच्या रानात किवीची बहुतेक पिल्लं मोठी होतच नाहीत. सशांच्या बंदोबस्तासाठी एकोणिसाव्या शतकात आणलेला, मुंगसासारखा दिसणारा स्टोट त्यांचा फडशा पाडतो. म्हणून १९९४ पासून तिथे ‘ऑपरेशन नेस्ट एग’ चालतं. तपकिरी किवीत अंडी उबवतो नर. त्याच्या पायातल्या ट्रान्समीटरवरून घरटं शोधून अंडी उबवणी यंत्रात नेतात. मागून उजेड धरला की आतला जीव हलताना दिसतो. बाहेर आलेलं पिल्लू सुरुवातीला पोटातल्या बलकावरच जगतं. आईबाप तसेही भरवत नाहीतच, माणसाचं तेवढंच काम वाचलं! वजन किलोभर झालं, की स्टोटला लाथाडण्याइतकी ताकद येते आणि पिल्लाला रानात सोडतात. कुत्र्यापुढे मात्र थोराड किवीचंही काही चालत नाही.