आधी नवी टॅब उघडा

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी संकेतस्थळे कशी वाचतात, हे त्यांनी पाहिले. देखणी मांडणी आणि भारदस्त नाव यांना विद्यार्थी भुललेच, बरेच इतिहासकारही भुलले. तपासनीस मात्र पानावर रेंगाळले नाहीत. नव्या टॅब उघडून त्यांनी आधी संकेतस्थळामागची संस्था कोणाची, पैसा कोणाचा, हे शोधले. कमी वेळात त्यांचेच निष्कर्ष अधिक अचूक ठरले.

यावरून शिक्षकांसाठी ‘सिव्हिक ऑनलाइन रीझनिंग’ हे मोफत पाठ तयार झाले. प्रश्न तीनच: माहिती कोण देत आहे? पुरावा काय? इतर स्रोत काय सांगतात? शिक्षकाने पडद्यावर स्वतः शोध घेत, मनातला विचार मोठ्याने बोलून दाखवायचा. मग तेच मुलांनी करायचे. शिक्षक-प्रशिक्षणाचा खरा कस इथेच लागतो. प्रोजेक्टर जोडायला तर कोणीही पटकन शिकतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरच्या व्हिडिओंकडे नेतात. इतिहास-नागरिकशास्त्राच्या तासाला त्या व्हिडिओंनाही हे तीन प्रश्न विचारावेत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘ऐतिहासिक’ मजकुराला तर नक्कीच.