काजळीची जबानी

कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने पुसण्याचा नेम ज्या घरांनी वर्षानुवर्षे पाळला, तेथील माणसांना काजळीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. परंतु बोटाला लागणारा तो काळा थर म्हणजे काजळीचा अखेरचा मुक्काम होय, आणि तेथे पोहोचण्यापूर्वी हवेत तरंगणारा तिचा कण किती सूक्ष्म असतो, याचा अंदाज त्या काचेवरून येत नाही. ज्वालेत पुरेसा प्राणवायू न मिळाल्यामुळे अर्धवट जळालेला कार्बन प्रथम काही दशक नॅनोमीटर व्यासाच्या गोलिकांचे रूप घेतो, आणि मग अशा अनेक गोलिका एकमेकींना चिकटून द्राक्षांच्या वेड्यावाकड्या घोसासारखी आकृती तयार होते.

या घोसाचे वजन करण्याची जुनी वहिवाट अशी की, हवा गाळणकागदातून ओढून घ्यावी आणि कागद किती काळवंडला यावरून काजळीचा अदमास बांधावा. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तिहोमिर नोवाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर सिद्ध केलेला एथॅलोमीटर आजही ठिकठिकाणी इमानेइतबारे काम करीत आहे. तथापि, कागदाचा काळेपणा ही अखेर परिस्थितिजन्य साक्ष झाली. काजळी कोठून निघाली आणि वाटेत तिने अंगावर काय काय पांघरले, हे तो कागद सांगत नाही.

ही जबानी वस्तुमान-वर्णपटमापकाकडून, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरकडून मिळू शकते. केंब्रिज येथे १९१९ साली फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी विकसित केलेल्या आणि त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या या विद्येचे सूत्र असे की, अणुरेणूंना विद्युद्भार द्यावा आणि त्यांच्या वस्तुमानानुसार त्यांची छाननी करावी. घन कणाच्या बाबतीत मात्र एक पूर्वअट पडते : त्याची आधी वाफ झाली पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बिलेरिका येथील एरोडाइन संस्थेने घडविलेल्या यंत्रात हवेतील कण एका निमुळत्या मार्गाने निर्वात नळीत शिरतात, सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेल्या टंगस्टनवर आदळतात आणि बाष्परूप होताच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने आयन बनून तोलले जातात. सल्फेट, नायट्रेट, सेंद्रिय तेले यांनी या तापापुढे मुकाट्याने मान तुकविली. काजळी मात्र ढिम्म हलेना, कारण तिला वितळविण्यास नव्हे, उडवून लावण्यास सुमारे ४००० केल्विन तापमान लागते.

टिमोथी ऑनॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली सविस्तर वर्णिलेला यावरचा उपाय मला अत्यंत मार्मिक वाटतो. त्यांनी कणांच्या वाटेत १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर आडवा घातला. पांढरे क्षार या प्रकाशाला जवळजवळ दादच देत नाहीत. काजळी मात्र काळी असल्यामुळेच तो शोषून घेते, क्षणार्धात धगधगते आणि वाफ होऊन जाते. प्रकाश शोषून तापण्याचा जो गुण तिला उपद्रवी बनवितो, तोच तिला पकडून देतो.

यंत्राच्या दप्तरी मग कार्बनच्या नोंदी पडू लागतात : एका अणूचे वस्तुमान १२, दोहोंचे २४, तिहींचे ३६, आणि असेच पुढे ४८, ६०. येथे खरी कसोटी लागते. साठाच्या खात्यावर दोन दावेदार असतात : काजळीतील पाच कार्बन अणूंचा गट, आणि लाकडातील सेल्युलोज जळताना निर्माण होणाऱ्या शर्करेचा एक तुकडा. पहिल्याचे वस्तुमान ६०.०००, दुसऱ्याचे ६०.०२१, एवढ्याशा फरकावरून यंत्र दोघांना वेगळे ओळखते. चुलीच्या धुराने डोळे चोळलेल्या वाचकाला त्या दुसऱ्या दावेदाराचा प्रत्यक्ष अनुभव असेलच! कॅलिफोर्नियातील कॅल्डेकॉट बोगद्यात अशाच यंत्राने वाहनांचा धूर तपासला, तेव्हा काजळीच्या सोबतचे सेंद्रिय द्रव्य बहुतांशी वंगणतेलाच्या वळणाचे आढळले.

यंत्र निर्दोष आहे, असे नव्हे. कणांचा झोत किंचित फाकतो, लेसरचा पट्टा अरुंद असतो, आणि त्यामुळे काही वेडेवाकडे घोस चुकामूक होऊन निसटतात. म्हणून रीगल ब्लॅक नावाच्या कारखानी काळ्या रंगद्रव्याची ज्ञात मात्रा सोडून यंत्राचे प्रमाणीकरण करावे लागते. त्याची किंमत आणि देखभाल पाहता ते प्रत्येक नगरपालिकेच्या गच्चीवर विराजमान होणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही.

त्याचे काम निराळे आहे, आणि एका वादाने ते स्पष्ट होईल. काजळीवर चढलेला क्षारतेलांचा लेप भिंगासारखा प्रकाश आत वळवितो आणि तिची प्रकाश शोषण्याची शक्ती दुपटीपर्यंत वाढवितो, असे गणित पूर्वीपासून मांडले जात होते. ख्रिस्तोफर कॅपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या हवेत अशाच यंत्राने लेप प्रत्यक्ष मोजून २०१२ साली सांगितले की, वाढ सरासरी अवघी सहा टक्के भरली. तीनच वर्षांनी, इंग्लंडमधील हिवाळी हवेची तशीच तपासणी करणाऱ्यांना मात्र ठळक वाढ आढळली. तेथील हवेत लाकडाचा धूर मिसळलेला होता.