दत्तावसर : नोकरी, पट आणि कुंचला

शाळेची शेवटची परीक्षा जवळ आली म्हणजे चित्रकलेकडे ओढा असलेल्या मुलांच्या घरीं एक वाद हमखास सुरू होतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला चित्रेंच काढावयाचीं आहेत. वडील म्हणतात, आधीं नोकरीचें पाहा. वाशिमसारख्या जिल्ह्यांत, जेथें पुष्कळ घरांचें उत्पन्न सोयाबीन, तूर आणि पाऊस यांवर अवलंबून असतें, तेथें वडिलांची ही चिंता अनाठायीं आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु या वादांत दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती अशी कीं, नोकरी धरली म्हणजे कुंचला सुटला आणि कुंचला धरला म्हणजे नोकरी गेली. त्यांतच मूल बुद्धिबळाचा किंवा दुसरा एखादा पट मांडून बसणारें असलें तर तो तिसरा अपराध ठरतो. हीं तिन्ही एकाच माणसाच्या एकाच आठवड्यांत कोठवर बसतात आणि कोठें बसत नाहींत, हें कांहीं उदाहरणांनीं उलगडून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न आजचा नव्हे. सुमारें 1100 वर्षांपूर्वीं राजशेखर नांवाच्या पंडितानें ‘काव्यमीमांसा’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. आपल्या जिल्ह्यास या ग्रंथाविषयीं विशेष अगत्य वाटावयास हवें. कारण काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत झाला अशी कथा त्यांत आहे, आणि वत्सगुल्म म्हणजेच आपलें वाशिम. याच ग्रंथांत राजशेखरानें वेळेच्या दृष्टीनें कवींचे चार वर्ग केले आहेत. गुहेंत किंवा तळघरांत शिरून, सूर्यहि न पाहतां, व्रतस्थपणें काव्य रचणारा तो ‘असूर्यंपश्य’. तितका कडक नव्हे, पण काव्यांतच बुडून राहणारा तो ‘निषण्ण’. या दोघांना दिवसाचे सर्व काळ मोकळे असतात. तिसरा ‘दत्तावसर’, हा सेवाचाकरीस बाध न आणतां, मिळालेल्या सवडींत लिहितो. चौथा ‘प्रायोजनिक’, हा एखाद्या नेमक्या प्रसंगासाठीं लिहितो, आणि त्याची वेळ तो प्रसंगच ठरवितो.

कवीच्या जागीं चित्रकार घाला म्हणजे आजची सारी परिस्थिति डोळ्यांपुढें उभी राहते. नोकरी करून मासिकांसाठीं व पुस्तकांसाठीं चित्रें काढणारा मनुष्य एकाच वेळीं तिसऱ्या आणि चौथ्या वर्गांत मोडतो. दत्तावसर म्हणून त्याच्यापाशीं तास थोडे. प्रायोजनिक म्हणून त्याची तारीख मात्र ठरलेली. त्याच्या सर्व अडचणी या एका जोडींतून निघतात असें आमचें मत आहे.

राजशेखर नुसतें वर्गीकरण करून थांबत नाहीं. दत्तावसरास उपयोगी पडणारे काळहि तो सांगतो. त्यांत रात्रीच्या अखेरीचा पहांटेचा समय आहे, भोजनानंतरची स्वस्थता आहे, आणि पालखींतून होणारा लांबचा प्रवासहि आहे. पालख्या गेल्या, तरी वाशिमहून अकोल्यास किंवा कारंज्याहून अमरावतीस एस. टी.नें जाणाऱ्यास हा तिसरा काळ आजहि लाभतो. खिडकीशीं जागा मिळाली तर वहींत पांचदहा माणसें सहज उतरतात. शाईचें काम मात्र एस. टी.त करूं नये.

वत्सगुल्मच्याच इतिहासांत दत्तावसराचें एक ठळक उदाहरण आहे. वाकाटकांची येथील शाखा ज्यानें चौथ्या शतकांत स्थापिली, तो राजा सर्वसेन ‘हरिविजय’ नांवाच्या प्राकृत काव्याचा कर्ता होता. तें काव्य आज समग्र उपलब्ध नाहीं. पण पुढील साहित्यशास्त्रकारांनीं त्याची दखल घेतली, एवढी त्याची योग्यता होती. राज्य चालविणें ही नोकरी नव्हे असें कोणी म्हणेल. म्हणोत, सुट्या मात्र तीतहि थोड्याच असाव्यात.

राजाचें उदाहरण दूरचें वाटल्यास आपल्या आजोबांच्या पिढींतील एक गृहस्थ घेऊं. वसंत सरवटे यांचा जन्म 1927 सालीं कोल्हापूरास झाला आणि 2016 सालीं ते मुंबईस वारले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या पुस्तकांतील चित्रें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस हा हात लगेच ओळखतां येईल. सरवटे पेशानें स्थापत्य अभियंते होते. ए. सी. सी. या सिमेंटच्या कंपनींत त्यांनीं दीर्घकाळ नोकरी केली, आणि ती संभाळूनच पुस्तकें, मासिकें व दिवाळी अंक यांसाठीं चित्रें काढलीं. व्यंगचित्रकलेवर विचार मांडणारें लेखनहि त्यांनीं केलें. त्यांच्या एका संग्रहाचें नांवच ‘खेळ चालू राहिला पाहिजे’ असें आहे. ‘ललित’ मासिकांत ‘ठणठणपाळ’ या नांवानें जें सदर येई, त्याचीं चित्रें सरवट्यांचीं आणि मजकूर जयवंत दळवी यांचा. आणि हे दळवीहि त्या काळीं मुंबईच्या अमेरिकन माहिती कचेरींत नोकरीस होते. म्हणजे महाराष्ट्रास हंसविणारें तें सदर दोन नोकरदारांनीं आपापल्या सवडींत चालविलें होतें.

पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. महिन्याचा पगार येत असला म्हणजे चित्रकारास एखादें काम नाकारतां येतें. ज्याची चूल चित्रावरच पेटते त्याला, पटो न पटो, पुढ्यांत येईल तें काम घ्यावें लागतें. नोकरीनें कलेचे तास कमी होतात हें खरें, पण उरलेल्या तासांत काय काढावें हें ठरविण्याची मोकळीकहि तीच देते. दीनानाथ दलालांसारखे चित्रकार पूर्णपणें या व्यवसायांत उतरले, 1945 पासून स्वतःचें ‘दीपावली’ काढूं लागले, आणि यशस्वी झाले. त्यांचा मार्ग चुकीचा असें आम्ही म्हणत नाहीं. तो निषण्णाचा मार्ग आहे, आणि त्याला निराळी छाती लागते. पटाच्या बाबतींतहि तेंच. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें 2025 सालच्या जुलै महिन्यांत बातुमी येथें बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला व ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. अशा खेळाडूचा सारा दिवस पटाचाच असतो. हा लेख तिच्यासारख्यांसाठीं नसून, दिवसभर कचेरींत किंवा दुकानांत राबून रात्रीं पट उघडणाऱ्यांसाठीं आहे.

पट आणि कुंचला यांचें नातें पुष्कळांस ठाऊक नसतें, म्हणून थोडें विषयांतर करतों. सावंतवाडीचा गंजिफा प्रसिद्धच आहे. दशावतारी गंजिफ्यांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक ते दहा अशीं बारा पानें, मिळून 120 पानें. हीं सर्व पानें चिताऱ्यांनीं हातानें रंगवावयाचीं. म्हणजे एक डाव मांडण्यापूर्वीं 120 चित्रें झालेलीं असत! आजचे नवे बैठे खेळहि तसेच आहेत. पट, पानें, नियमांचें पुस्तक, पेटीचें झांकण, सर्वत्र चित्रें लागतात. त्यामुळें खेळणाऱ्यांतूनच कित्येक चित्रकार या कामाकडे वळतात.

या नव्या खेळांचे जनकहि बरेचसे दत्तावसरच निघाले. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स हे गृहस्थ विमा कंपनींत कामाला होते. 1970 सालीं ती नोकरी सुटली, तेव्हां ते जोडे दुरुस्त करून संसार चालवूं लागले आणि उरल्या वेळांत खेळांचे नियम लिहीत राहिले. 1974 सालीं डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर काढला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या 1000 होत्या. या खेळांत एक जण कथा सांगतो, बाकीचे त्या कथेंतील एकेक पात्र होऊन आपण काय करूं तें बोलतात, आणि यशापयश फांशांवर ठरतें. कीर्तनकाराला मध्येंच थांबवून श्रोत्यांनीं ‘आतां आम्ही असें करतों’ म्हणावें, तसा कांहींसा हा प्रकार आहे.

जर्मनींतील क्लाउस टॉयबर यांची हकीकत याहून बोधप्रद आहे. ते दंतवैद्यांना लागणाऱ्या कृत्रिम दातांचें काम करीत. त्यांची स्वतःची प्रयोगशाळा होती. संध्याकाळीं घराच्या तळघरांत ते खेळ रचीत आणि बायकोमुलांसह खेळून पाहत. 1988 सालीं त्यांच्या ‘बार्बारोसा’ या खेळास जर्मनींतील वर्षांतील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. 1990 आणि 1991 सालीं पुन्हां मिळाला. तरीहि त्यांनीं दातांचें काम सोडलें नाहीं. 1995 सालीं ‘कटान’ आला, चौथ्यांदा तोच मान मिळाला, खेळ जगभर गेला, आणि त्यानंतर कांहीं वर्षांनीं मगच त्यांनीं प्रयोगशाळा सोडली. पहिलें बक्षीस मिळतांच राजीनामा लिहावयास बसणाऱ्या तरुणांनीं या सालांतील अंतर मोजून पाहावें.

आतां हिशेबाकडे वळूं. आठवड्याचे तास 168. सहा दिवस आठ तासांचें काम म्हणजे 48, जाण्यायेण्याचे 9, झोपेचे, रोज सात धरून, 49. स्नान, जेवण, बाजारहाट रोज तीन तास, म्हणजे 21. मुलें, वडीलधारीं माणसें, घरचीं व शेतावरचीं किरकोळ कामें, यांस आणखी 21. उरले 20. कथेसाठीं एक पानभर रंगीत चित्र काढावयाचें तर कथा वाचणें, कच्चे आराखडे करणें आणि शेवटचें रंगकाम मिळून दहा तास सहज जातात. मित्रांसह एक डाव चार तास घेतो. म्हणजे आठवड्याला एक चित्र, एक डाव आणि सहा तासांची शिल्लक. पाहुणा आला, पोर तापलें, चित्र परत आलें, कीं ही शिल्लक संपते. दुसरें चित्र स्वीकारलें तर तें डाव खातें. तिसरें झोप खातें.

याशिवाय एक चौथा मार्ग पुष्कळ कलावंत न बोलतां पत्करतात, तो म्हणजे घरकामाचे ते 21 तास दुसऱ्या कोणावर तरी टाकणें. तें दुसरें कोणी बहुधा आई, पत्नी किंवा बहीण असतें. डाव ज्या घरीं रंगतो त्या घरीं चार वेळां चहा होतो. तो कोण करतें? नोकरी करणाऱ्या, चित्रें काढणाऱ्या स्त्रीस मात्र हे तास टाकावयास दुसरें कोणी सांपडत नाहीं. तिच्या हिशेबांत 20 तास उरतच नाहींत. ‘मुलीनें लग्नानंतर चित्रकला सोडली’ असें जेव्हां आपण सहज बोलतों, तेव्हां पुष्कळदां खरी गोष्ट ही असते कीं तिचे तास इतरांनीं घेतले. मुलास नोकरी संभाळून चित्रें काढावयास शिकवितांना स्वतःचें ताट उचलणें व चहा करणें हेंहि शिकवावें, असें आम्ही पालकांस आग्रहानें सांगतों.

वर्षाचा हिशेब आठवड्याहून निराळा असतो. 1909 सालीं ‘मनोरंजन’नें दिवाळी अंक काढल्यापासून मराठी चित्रकाराचा हंगाम दिवाळीपूर्वीं येतो, संपादकांचीं पत्रें पावसाळ्यांत येतात आणि चित्रें भाद्रपद-आश्विनांत मागितलीं जातात. आपल्याकडे त्याच सुमारास सोयाबीनची कापणी असते. शेतकऱ्याच्या घरच्या चित्रकारानें म्हणून आषाढांतच मोजकीं कामें पत्करावीं आणि सोबत्यांस सांगून टाकावें कीं दिवाळीपर्यंत पट बंद. ठरलेल्या डावाला आयत्या वेळीं न जाणें हें संपादकास चित्र न देण्याइतकेंच वाईट. चार माणसांची संध्याकाळ त्यानें फुकट जाते.

सरकारी नोकरींत जाणाऱ्यांस एक शंका असते कीं, बाहेरचें चित्रकाम चालतें काय? महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यांप्रमाणें सरकारी नोकरास परवानगीवांचून धंदा किंवा दुसरी नोकरी करतां येत नाहीं. मात्र साहित्य, कला किंवा शास्त्र या स्वरूपाचें प्रासंगिक काम, सरकारी कामास बाध न येईल अशा बेतानें, करण्यास मुभा आहे. राजशेखराची अट आणि सरकारची अट येथें जवळजवळ एकच आहे. प्रासंगिक काम नित्याचें होऊं लागलें तर वरिष्ठांस लेखी विचारावें. खाजगी नोकरींत नेमणुकीचें पत्र नीट वाचावें. चित्राचे पैसे प्राप्तीच्या हिशेबांत दाखवावे लागतात, हें निराळें सांगावयास नकोच.

पहिलें काम पत्करण्यापूर्वीं एक लहानसें पत्र लिहून घ्यावें. चित्रें किती, रंगीत कीं काळींपांढरीं, तारीख कोणती, फेरफार किती वेळां, मोबदला किती आणि त्यांतील आगाऊ किती, इतकें त्यांत असावें. शिवाय हक्काची गोष्ट आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचा पहिला हक्क, निराळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून मूळ चित्र परत मिळावें, किंवा तेंच चित्र पुन्हां छापल्यास पुन्हां पैसे मिळावेत अशी इच्छा असेल, तर तें त्याच पत्रांत लिहावें आणि समोरच्याची सही घ्यावी. काम ओळखीच्या माणसाचें असलें तरीहि.