तार पोचली, सेवा केव्हा पोचणार?

नागरिकाने अमुक एक गोष्ट केलीच पाहिजे अशी अट सरकारने घालावी आणि ती पुरी करण्याचे साधन मात्र ज्याचे त्याने शोधावे, हा न्याय लोकशाहीला शोभणारा नव्हे. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आज हाच न्याय चालू आहे, म्हणून हा विषय आम्ही पहिल्या पानावर घेत आहोत.

२०२१ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहावे, मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि ती नोंद सरकारदरबारी धाडावी, अशी ही योजना आहे. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा जुळला तर धान्य मिळते. विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवरच भरावा लागतो. २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला. या सुधारणांचे आम्ही विरोधक नाही. कचेरीतील हेलपाटे आणि मधल्या दलालांचा काच त्यांनी कमी होत असेल, तर त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु या सर्व इमारतीचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे इंटरनेट. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडील सोयगाव तालुक्यात किंवा कन्नडच्या घाटाकडील वस्त्यांत रेंजच मिळत नसेल, तर तेथील शेतकऱ्याने काय करावे? नोंद फोनमध्ये साठवून पुढे रेंज मिळेल तेथून पाठविता येते, हे खरे. पण ज्या कामासाठी शहरातल्या माणसाला खुर्चीवरून उठावे लागत नाही, त्याच कामासाठी खेड्यातल्या माणसाने टेकडी चढावी, याला समान वागणूक कोण म्हणेल?

केंद्र सरकारने या प्रश्नाकडे लक्षच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रामपंचायतींना काचतंतूच्या तारेने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने, जोडण्याची योजना २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर झाली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती तिच्या कक्षेत होत्या. तिलाच पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी एक हजार दिवसांत सहा लाख गावांपर्यंत ही तार नेण्याची घोषणा केली. ते हजार दिवस २०२३ च्या मे महिन्यात सरले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच योजनेची सुधारित आवृत्ती १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजूर केली. काम पुरे झाले असते, तर एवढी रक्कम नव्याने मंजूर करण्याचा प्रसंगच आला नसता.

हा पैसा कोणाचा, हेही वाचकांनी ध्यानी घ्यावे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील पाच टक्के वाटा २००२ पासून याच कामासाठीच्या निधीत जमा होत आला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे केले. कंपन्यांचा महसूल हा अखेर ग्राहकांच्या खिशातून येतो. रेंजसाठी टेकडी चढणारा शेतकरीही रिचार्ज करताना या निधीत आपली भर घालीतच असतो. तेव्हा त्याची मागणी ही याचना नव्हे. ज्या सेवेचे पैसे त्याने आधीच मोजले आहेत, ती सेवा तो मागत आहे.

मग घोडे अडते कोठे? आमच्या मते दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. किती किलोमीटर तार अंथरली आणि किती ग्रामपंचायतींत पेटी बसविली, याचे आकडे सरकार देते. ती पेटी महिन्यातून किती दिवस चालू होती, हे ग्रामस्थाला कोणी सांगत नाही. तालुक्याहून निघालेली तार एका ओळीत गावोगाव गेलेली असते. वाटेत रस्त्याच्या कामात ती एके ठिकाणी तुटली की पुढची सारी गावे बंद पडतात. २०२३ च्या सुधारित योजनेत तार कड्याच्या आकारात फिरवून दुसऱ्या बाजूने वाट ठेवण्याची आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद केली आहे, ती योग्यच होय. परंतु तुटलेली तार किती तासांत जोडली जाईल आणि न जोडल्यास जाब कोणी द्यायचा, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेले असल्याखेरीज त्या तरतुदीला अर्थ येणार नाही.

तार आल्याने सेवा येतेच असे नाही, हा अनुभव केवळ आमचा नव्हे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने जाणारी समुद्री तार २००२ मध्ये सुरू झाली. पण बहुतेक देशांत तिची किल्ली एकेकाच दूरध्वनी कंपनीच्या हाती राहिल्याने सामान्यांसाठी दर चढेच राहिले. उलट पूर्व आफ्रिकेत केनियाच्या सरकारने खासगी कंपन्यांना बरोबर घेऊन फुजैरा ते मोंबासा अशी तार २००९ मध्ये आणली. त्याच सुमारास इतर तारांनाही किनारा मोकळा राहिला, आणि स्पर्धेने दर उतरले. तार कोणाच्या हाती आणि कोणत्या अटीवर, हा धोरणाचा प्रश्न आहे. आपल्याकडे केरळने ५ जून २०२३ रोजी स्वतःचे राज्यव्यापी जाळे सुरू केले आणि वीस लाख गरीब कुटुंबांना विनामूल्य जोडणी देण्याचा संकल्प सोडला. पहिल्या टप्प्यात चौदा हजार कुटुंबेच निवडली गेली, तेव्हा तो संकल्पही सोपा नाही. तरी इंटरनेट ही नागरिकाची मूलभूत गरज आहे, हे तत्त्व एका राज्याने मान्य केले, याचे मोल कमी नाही.

महाराष्ट्रातही ‘महानेट’द्वारे हे काम राज्याने आपल्याकडे घेतले आहे. म्हणून मराठवाड्याचे गाऱ्हाणे केवळ दिल्लीच्या दारात टाकून मुंबईला मोकळे होता येणार नाही. मराठवाड्याला या वाट पाहण्याची सवय आहे. निजामाच्या राज्यात १९०० साली मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली ती मीटर गेजची. मनमाडला माल उतरवून पुन्हा चढवायचा, ही यातायात या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली. रुंद मार्गासाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांना आंदोलने करावी लागली, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो मार्ग आला. प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, वीज यांचा हिशेब मांडला. त्यात दूरसंचाराचे खाते नव्हते, कारण त्या काळी ते कोणास सुचणे शक्यही नव्हते. आज ते खाते उघडले पाहिजे. पण ते उघडायचे कोणी? १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. एकीकडे याच जिल्ह्यात शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक नगरीत जमिनीखालून काचतंतूचे जाळे आधीच तयार करून उद्योगांना बोलाविले जाते. कारखान्यासाठी जे जमते, ते शाळेसाठी आणि आरोग्य केंद्रासाठी का जमू नये?

आणखी एका गोष्टीचा उल्लेख न करणे कर्तव्यच्युती ठरेल. २०२३ च्या नोव्हेंबरच्या आरंभी, मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात, जालना, बीड आणि आमच्या जिल्ह्याच्या ग्रामीण भागात इंटरनेट बंद करण्यात आले. जाळपोळ आणि अफवा रोखणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. परंतु इंटरनेट बंद होते तेव्हा अफवेबरोबर खरी बातमीही बंद होते, दुकानदाराचा व्यवहार थांबतो आणि रुग्णाच्या नातेवाइकाचा निरोप अडतो. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन प्रकरणातील निकालात असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते गरजेपुरतेच असले पाहिजेत, असे स्पष्ट बजावले आहे. जी सेवा सरकारने रोजच्या जीवनाची अट केली, ती तोडताना हात कचरला पाहिजे.

आमच्या मागण्या थोडक्याच आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीत सेवा महिन्यातून किती दिवस चालू होती, ते तालुकावार प्रसिद्ध करावे. दुरुस्तीसाठी गावातीलच तरुणांना शिकवून नेमावे, आणि सरकारी तार लहान केबलचालकांना रास्त भाड्याने खुली करावी. सेवा बंद ठेवण्याचा प्रत्येक आदेश कारणासह त्याच दिवशी जनतेसमोर ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जेथे रेंज नाही तेथे तलाठ्याने आणि रेशन दुकानदाराने कागदावर केलेली नोंद ग्राह्य धरावी. रेंज नाही म्हणून एकाही शेतकऱ्याचा विमा बुडता कामा नये, एकाही घरची चूल विझता कामा नये.

या मागण्यांत अशक्य असे काही नाही. निधी आहे, कायदा आहे आणि तारही बहुतेक वाट चालून आलेली आहे. उरले आहे ते उत्तरदायित्व. रुंद मार्गासाठी मराठवाडा जवळजवळ एक शतक थांबला. तेवढे थांबण्याची तयारी आता येथल्या तरुण पिढीपाशी नाही, आणि ती असूही नये. आमच्या लोकप्रतिनिधींनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात आपापल्या तालुक्याचा हा हिशेब मागावा. जो मागणार नाही, त्याला मते मागावयास येताना मतदार हाच प्रश्न विचारतील, अशी आमची खात्री आहे.