बियाण्याचा रकाना

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास आमच्या कॉलनीतल्या गणपतीच्या ओट्यावर एक सभा भरते. तिला अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही आणि कोरमअभावी ती तहकूब झाल्याचंही मला आठवत नाही. येणारा प्रत्येक जण कापडी पिशवी घेऊन येतो. पिशवीत कुणाचे चार दोडके, कुणाची पाव किलो भेंडी, तर कुणाचं नुसतंच एक आजारी पान, सगळ्यांना दाखवायला आणलेलं. सावेडीतल्या आठ-दहा घरांची ही परसबागवाली मंडळी. कुणाच्या घरामागे चार वाफ्यांपुरती जागा आहे, कुणाच्या गच्चीवर कुंड्या आहेत, कुणाकडे रंगाचे रिकामे डबे. २०२०च्या टाळेबंदीत भाजीच्या गाड्या येईनाशा झाल्या, तेव्हा गरजेपोटी सुरू झालेला हा उद्योग पुढे छंद म्हणून टिकला. मे महिन्यात ही सभा सातला आटोपती घ्यावी लागते, कारण त्यानंतर नगरचं ऊन कुणाला ओट्यावर बसू देत नाही. जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं, ऊन मात्र तेच आहे.

सभेचं कामकाज ठरलेलं. आधी प्रत्येकानं पिशवी उघडायची, बाकीच्यांनी "वा!" म्हणायचं आणि ज्याची पिशवी रिकामी, त्यानं कारण सांगायचं. कारण सांगण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं.

माझा टोमॅटो हा त्या ओट्यावरचा कायमचा विषय. मार्चअखेर झाड कमरेएवढं होतं, पिवळ्या फुलांनी भरतं आणि मे उजाडला की फुलं देठापासून सुटून आळ्यात पडतात. पहिल्या वर्षी मी पाणी वाढवलं, दुसऱ्या वर्षी खत. तिसऱ्या वर्षी आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी शांतपणे सांगितलं, "साहेब, झाड उपाशी नाही, त्याला उकडतंय." दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रही गार झाली नाही, की टोमॅटोच्या परागात जोर राहत नाही. फळ धरत नाही, फूल गळतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. तिथे खत काय करणार? दुपारच्या उन्हापुरती हिरवी जाळी किंवा जुनं लुगडं वर बांधायचं आणि मुळाशी उसाचं पाचट पसरायचं, एवढंच आपल्या हाती. उसाच्या या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. फुलं तरीही गळतात, पण झाड तगतं आणि पाऊस पडून हवा निवली की पुन्हा फळ धरू लागतं.

कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींची तक्रार दुधीची. फुलं भरपूर, बोटाएवढे दुधी दिसतातही, पण दोन दिवसांत पिवळे पडून गळून जातात. यात रोग काही नव्हता. वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, नर फुलाच्या मागे नुसता देठ. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सिमेंटच्या वस्तीत त्या वेळी फुलावर यायला पतंग, किडे असतातच असं नाही. मग दिवेलागणीला नर फूल खुडायचं आणि त्याचे पराग मादी फुलाला हलक्या हातानं लावायचे. काकडी-कारल्याला हेच काम सकाळी करायचं. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे यांची लग्नंही आपणच लावायची!" पुढच्या महिन्यात त्यांचे दुधी सभेत फिरले आणि दोन रविवार आम्ही सगळ्यांनी दुधीच खाल्ला.

भेंडीचं दुखणं मात्र असं हसण्यावारी नेण्याजोगं नाही. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पानच पिवळं होतं, भेंडी पांढुरकी आणि राठ निघते. याला शेतकरी केवडा म्हणतात. नाव देखणं, पण रोग विषाणूचा आणि पांढरी माशी तो झाडाझाडांवर नेते. एकदा लागला की औषध नाही. झाड उपटून टाकायचं आणि उरलेल्यांवर माशी वाढू द्यायची नाही. त्यासाठी निंबोळी अर्क घरीच होतो. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची आणि सकाळी फडक्यानं गाळून फवारायची. मे-जूनमध्ये कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तो वर्षाचा साठा. वांग्याचा शेंडा मान टाकून सुकलेला दिसला तर आत अळी आहे असं समजून तेवढा शेंडा कापून नष्ट करायचा. मेथी या दिवसांत लावूच नये. तांदुळजा मात्र याच उन्हात माजतो. आणि कुंडीत न लावता उगवलेली घोळ उपटून फेकण्याऐवजी डाळीत घालावी, हे ज्ञान मला साठीनंतर झालं.

पाण्याची गोष्ट निराळीच. शहराला पाणी येतं मुळा धरणातून आणि उन्हाळ्यात ते जपून वापरावं लागतं. आमच्या बोअरचं पाणी जड. नुसतं तेच घातलं तर मातीवर पांढरा थर धरतो. म्हणून तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वाया जात नाही. गुरुजी नेहमी हिवरे बाजारचा दाखला देतात. नगर तालुक्यातल्या त्या गावाची ग्रामसभा पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडते आणि त्या हिशेबानं पिकं ठरवते. आपल्या चार कुंड्यांना दुसरा नियम कशाला? मे महिन्यात पाण्यापुरतीच झाडं ठेवावीत.

मी सदतीस वर्षं बँकेत काढली. ताळा जुळल्याशिवाय रात्री घरी न जाण्याची सवय. त्यामुळे परसबागेचीही वही घातली. कोणत्या तारखेला काय लावलं, किती खर्च, किती तोडा, कोणती कीड. या वहीचा फायदा होतो. २०२५च्या मे महिन्यात उन्हाऐवजी पावसानंच मुक्काम ठोकला, मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला. त्या वर्षी फूलगळीऐवजी आमची फळं सडली. वही नसती तर गेल्या वर्षीचं औषध आम्ही यंदाच्या दुखण्याला दिलं असतं.

तर अशाच एका रविवारी नव्यानं राहायला आलेल्या एका तरुण मुलीनं सभेत विचारलं, "काका, तुम्ही सगळं लिहिता. पण ही बी कुठली, ते?" वही उघडून पाहिली. बियाण्याच्या रकान्यात दुकानाच्या पाकिटाची किंमत होती, आणखी काही नव्हतं. सगळे आपापल्या पाकिटांची नावं सांगू लागले. फक्त वहिनी म्हणाल्या, "माझा वाल माहेरचा आहे. अकोल्याकडचा."

अकोले म्हटल्यावर मला माझी शाखा आठवली. १९९३ ते १९९६ मी त्या तालुक्यात कर्ज अधिकारी होतो. पीक कर्जाचा काही भाग रोख आणि काही वस्तुरूप असे. वस्तुरूप म्हणजे खत, औषध, बियाणं, आणि त्याला दुकानाची पावती लागे. नवऱ्याबरोबर शाखेत आलेली एक बाई त्या वेळी मला म्हणाली होती, "साहेब, बी आमच्या घरचंच हाय. त्याचे पैशे दुसऱ्या कामाला द्या की." मी नियम सांगितला. घरच्या बियाण्याला पावती नाही, म्हणून रकान्यात त्याची किंमत शून्य. ती वाद घालत बसली नाही. जाताना एक पुरचुंडी टेबलावर ठेवून गेली, "तुमच्या आईला लावायला द्या." आत मूठभर वाल होता. काळं बी आणि डोळ्याशी पांढरी रेघ.

आईनं तो क्वार्टरच्या कुंपणाशी लावला. थंडीत त्याला जांभळी फुलं आली आणि संक्रांतीपर्यंत शेंगा पुरल्या. पुढे बदली झाली की सामानाबरोबर हॉर्लिक्सची एक बाटली निघे. तिच्यात राखेत ठेवलेला तो वाल असे. चार गावांत तो वेल चढला. २००९मध्ये आई गेली. त्यानंतर कुणी तो लावला नाही. २०१५मध्ये घराला रंग काढला, तेव्हा माळ्यावरची ती बाटली मी उघडली, राख पाहिली आणि कचऱ्यात टाकली. त्या क्षणी मला काहीही वाटलं नाही, हेच आता टोचतं.

जानेवारी २०२०मध्ये, निवृत्तीला थोडे महिने उरले असताना, पद्मश्रीची यादी वाचली. तिच्यात आपल्या जिल्ह्यातली दोन नावं होती. एक हिवरे बाजारचे पोपटराव पवार, दुसऱ्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे. महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी भाज्यांची आणि भाताची देशी बियाणी घरात जपली, बायफ संस्थेच्या साथीनं ती वाढवली आणि बायकांच्या बचत गटांमार्फत घरोघरच्या परसबागांत पोचवली. २०१८मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांत त्यांची गणना केली होती. महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणून ओळखतो. त्यांच्या बियाण्याच्या ठेव्याला बीज बँक म्हणतात. त्याच तालुक्यात बँकेच्या खुर्चीवर बसून मी मात्र त्या ठेवीची किंमत शून्य लावली होती.

याचा अर्थ गावरान ते सगळं सोनं आणि बाजारातलं ते सगळं खोटं, असा नाही. केवड्यानं 'पुसा सावनी' ही भेंडीची जुनी लोकप्रिय जात हतबल केली, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठानं १९८०च्या दशकात दिलेली 'परभणी क्रांती' हीच कामी आली. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर आपल्या दाराशी आहे. फरक एवढाच समजून घ्यावा. गावरान किंवा विद्यापीठाचा सरळ सुधारित वाण असेल तर त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावता येतं. पाकिटावर 'संकरित' लिहिलं असेल तर पहिलं पीक जोमदार, पण त्याचं बी धरलं तर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. म्हणजे दरवर्षी दुकान आलंच. आणि धरलेलं बी शेजाऱ्याला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. शेतकऱ्याचा बी राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानंही मान्य केला आहे.

बी धरणंही अवघड नाही. वाल, घेवडा, चवळी, टोमॅटो यांचा संकर सहसा होत नाही, तेव्हा नवख्यानं सुरुवात त्यांच्यापासून करावी. दुधी, दोडका, काकडी यांचे पराग किडे कुठून कुठे नेतात याचा नेम नसतो. तिथे आपण हातानं लावलेलं फूल कापडी पिशवीनं झाकून ठेवलं तरच खात्री. पण सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पहिलं चांगलं फळ खायचा मोह आवरायचा. या मे महिन्यात जे झाड तगलं, रोगात टिकलं, त्याच्याच एका फळाला चिंधी बांधायची आणि ते झाडावर पुरतं पिकू द्यायचं. आपल्या मातीचा, आपल्या पाण्याचा, आपल्या उन्हाचा अनुभव त्या झाडानं घेतलेला असतो. तो पाकिटात मिळत नाही.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच विश्वासावर, की साध्या माणसांनी आपापल्या बागेत प्रयोग करावेत आणि एकमेकांना सांगावेत. त्यातून द्राक्षबागायतदार शिकले आणि गच्चीवर घरच्या कचऱ्यावर भाजी पिकवणारी शहरातली कुटुंबंही. आमचा ओटा त्यामानानं अगदीच लहान, पण काम तेच. माझी फूलगळ गुरुजींना कळते, वहिनींचा दुधी मला. एकट्याच्या बागेत चूक कळायला वर्ष जातं, दहा जणांत ती एका रविवारी कळते.

वहिनींनी मला त्यांच्या वालाच्या बारा बिया दिल्या. मी घाईनं कागद उघडला. बी तांबूस होतं. डोळ्याशी पांढरी रेघ होती, पण आईचा वाल तो नव्हे. वहिनींना मी तसं बोललो नाही. नंतर अकोल्याच्या जुन्या ओळखींना विचारलं, कोंभाळण्याला जाऊन चौकशी करायचंही मनात आहे. मिळेल किंवा मिळणार नाही.

बारांतल्या चार बिया मी ठेवल्या, चार गुरुजींना दिल्या, चार त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला. सगळी ठेव एका घरात ठेवू नये, एवढं तरी बँकेनं शिकवलं आहे. माझ्या चार बिया राखेत आहेत. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आहे आणि वहीत नवा रकाना आखला आहे: बी कुणाकडून आलं, कुणाला दिलं. पहिला चांगला पाऊस झाला, की त्या कुंपणाशी टोचायच्या.