वडकीत धो-धो, राळेगावात उघाड. मग खोऱ्यात पाऊस पडला तरी किती?

राळेगाव : एका वावरात पाणी साचतं अन् धुऱ्यापलीकडे माती नुसती ओली होते, हे आपल्याकडे नवीन नाही. तरी सकाळी मोबाईलवर आकडा एकच येतो, 'तालुक्यात सरासरी अमुक मिलिमीटर'. तो काढतात कसा?

पाऊस महसूल मंडळनिहाय मोजला जातो. पर्जन्यमापकाचं तोंड जेमतेम वीतभर, अन् त्यावर आसपासच्या सगळ्या गावांचा हिशेब. सकाळी साडेआठपर्यंतचे २४ तास धरतात. मंडळात ६५ मिमी किंवा जास्त नोंद झाली की अतिवृष्टी. यंत्रावर ५८ अन् तुमच्या पऱ्हाटीत गुडघाभर पाणी, असं झालं की वाद सुरू होतो. यंत्राने आपल्या जागेपुरतं खरंच सांगितलेलं असतं.

नदीचा हिशेब याहून अवघड. समजा, ५०० चौरस किमीचं खोरं आहे अन् त्यात तीन यंत्रं. नोंदी ९०, ४० आणि २० मिमी. सरळ सरासरी ५०. पण ९० वाल्या यंत्राच्या वाट्याला खोऱ्याचा १० टक्केच भाग येतो, ४० वाल्याच्या ३० टक्के आणि २० वाल्याच्या ६० टक्के. मग ९ + १२ + १२, म्हणजे ३३ मिमी. हा वाटा ठरवायची रीत अमेरिकेचे हवामानतज्ज्ञ आल्फ्रेड थिसेन यांनी १९११ मध्ये मांडली. नकाशावर शेजारच्या दोन यंत्रांच्या बरोबर मधून रेघ मारायची. ज्या जागेला जे यंत्र जवळ, ती जागा त्याची. धुरे पाडतो तसंच.

५० आणि ३३ मधला १७ मिमीचा फरक किरकोळ वाटेल. पण एक मिमी म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर. ५०० चौरस किमीवर १७ मिमी म्हणजे ८.५ दलघमी पाणी! त्यातलं बरंच जमिनीत मुरतं हे खरं, पण धरणाचे दरवाजे किती उघडायचे हे अशाच हिशेबावर ठरतं. आपल्या तालुक्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. वर अप्पर वर्धा, निम्न वर्धा, बेंबळा ही धरणं. म्हणून राळेगावात ऊन असलं तरी नदीकाठच्या शिवारात पाणी चढू शकतं.

थिसेनच्या रीतीतही खोट आहे. दोन यंत्रांच्या मधल्या पट्ट्यातच ढग फुटला तर नोंद कुठेच होत नाही. तिथे नागपूरचं डॉप्लर रडार कामी येतं. पण तेही ढगातल्या थेंबांवरून अंदाज बांधतं, त्याचा ताळा जमिनीवरच्या यंत्राशीच घालावा लागतो.

घरी मोजायचं असेल तर सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा. झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर असू द्या. रोज साडेआठला पट्टी बुडवा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. सरकारी नोंद म्हणून हे चालणार नाही. पण मंडळाच्या आकड्यात अन् तुमच्या शिवारात किती फरक पडतो, ते दोन-तीन पावसाळ्यांत कळेल.